झंझाने भिंत फोडली तेव्हा

रविवार, ४ ऑक्टोबर

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. तो तू फाडणार नाहीस, कारण तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दाराखालून आत सरकवलेला प्रत्येक कागद तू लायसन्स ऑफिसचा समजून आधी वाचतोस. तोवर माझं निम्मं सांगून झालेलं असेल.

पहिल्याच ओळीत सांगायचं होतं ते दुसऱ्या परिच्छेदात सांगते. मी माफी मागायला बसलेले नाही. सोमवारी वहिनी बॅग भरून निघून गेली. मंगळवारी तू फोनवर ओरडलास, "तुझ्या त्या टीव्हीने माझं घर मोडलं," आणि माझं तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. त्याआधीच्या शनिवारी माझ्या कवळ्यांच्या वर्कशॉपमध्ये काय झालं ते तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलं आहे. आता बिनमिठाचं ऐक.

दर शनिवारी संध्याकाळी मी प्लास्टरचे जबडे फळीवर मागे सरकवते, पॉलिशच्या मशीनवर फडकं टाकते आणि टीव्ही लावते. पाच-सहा जण जमतात आणि आम्ही 'पहारेकरी' बघतो. होय, तीच ती उडणाऱ्या माणसांची मालिका. मास्तरांचं वय सत्तरच्या पुढे आहे, कंपाउंडरला नातू आहे, आणि भाग संपला की आम्ही शाळकरी पोरांसारखे भांडतो. तू हसून घे, मी थांबते.

हसलास? पुढे ऐक. पूर्वी नुसताच आरडाओरडा व्हायचा, म्हणून मास्तरांनी एक नियम काढला. कोपऱ्यात ती दातांच्या डॉक्टरने टाकून दिलेली खुर्ची आहे ना, जिची पाठ मध्येच धाडकन मागे पडते, ती. एखाद्या पात्राचं वागणं ज्याला सगळ्यात जास्त खटकलं असेल, त्याने त्या खुर्चीत बसायचं आणि त्याच पात्राची बाजू मांडायची. अगदी मनापासून. मध्येच "मला स्वतःला हे पटत नाही बरं का" असं म्हटलं की सगळ्यांचे कप धुवायचे. कंपाउंडरला जीभ आवरत नाही, त्यामुळे आमचे कप बहुतेक तोच धुतो.

त्या शनिवारचा भाग झंझाचा होता. झंझा म्हणजे वारा. तिचा जोडीदार बुरूज. त्याने हात वर केले की कुणाभोवतीही न दिसणारी भिंत उभी राहते. आग, गोळी, पूर, काही आत येत नाही. त्या भागात झंझाला कळतं की लग्नाच्या दिवसापासून तिच्याभोवती एक भिंत कायम उभी आहे. बुरूजने ती कधी उतरवलीच नाही. तिचा वारा कधी छताच्या वर गेला नाही तो त्यामुळे. ती आतून भिंत फोडते. बुरूजचे दोन्ही हात मोडतात. ती निघून जाते, मागे वळूनही बघत नाही.

दादा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने जन्मभर जपलं त्याचे हात मोडून जायचं? कृतघ्न बाई! हे मी मोठ्याने म्हणाले, त्यामुळे खुर्ची माझ्याच वाट्याला आली.

मग मी झंझाची बाजू मांडली. म्हणाले, "भिंत बाहेरून दिसत नाही, पण आतल्या माणसाला दुसरं काही दिसतच नाही. बुरूजने तिला कशापासून वाचवलं याची यादी मोठी आहे, पण त्या यादीत तिला विचारून केलेलं एकही काम नाही. आणि हात तिने मोडले नाहीत. भिंत पडताना त्याने हात खाली घेतले असते तर ते शाबूत राहिले असते."

वहिनी दाताची कॅप न्यायला आली होती आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकली होती. भाग निम्मा झाल्यावर आली, म्हणजे आमचा नियम तिला कुणी सांगितला नसणार. मी बोलले ते माझंच मत आहे असं तिला वाटलं असेल. वास्तविक मी बुरूजच्या बाजूची होते. म्हणजे तुझ्याच. आता सांग, चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?

ती कुठे आहे ते मला माहीत नाही. विचारू नकोस.

तुझी धाकटी (हे काही ब्लॉक होत नाही)

बुधवार, ७ ऑक्टोबर

दादा,

तुझं उत्तर पोचलं. 'दहा दिवसांत आत्मविश्वासाने गाडी चालवा' या पत्रकाच्या मागे तू लिहिलंस, "ती तुझ्याकडेच आहे. पाठवून दे."

पाठवून दे? पार्सल आहे का ती?

आणि ती हेरगिरी बंद कर. तुझी 'शिकाऊ' पाटीची गाडी काल माझ्या दारावरून तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला गाडी चालवणाऱ्या बाईंनी मला हात केला. बिचाऱ्या कंटाळल्या असतील एकाच गल्लीत वळून वळून. तू मान खाली घालून आरसा पुसत होतास. माझ्या खिडकीत कुणाचा टॉवेल वाळतो ते बघायला शिकणाऱ्याच्या तासातून वेळ काढतोस, याची तक्रार करायला हवी खरं तर.

तो टॉवेल तिचाच. बरं, खोटं बोलले मी. ती वरच्या खोलीत आहे. सोमवारी ती बॅग घेऊन माझ्याच दारात आली. मी काय करणार होते, दार लावून घेणार होते? तिने मला सांगितलं, "ह्यांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. तू लहानपणी मला शिकवलंस ना, कुणी विश्वासाने सांगितलं तर तोंडाला कुलूप. तेच कुलूप आहे हे, तूच दिलेलं.

मजेत आहे असं म्हणणार नाही. सकाळी लवकर उठते, माझ्या आधी वर्कशॉप झाडते. मी नको म्हटलं तर म्हणते, "रिकामं बसवत नाही." दुपारी मी कवळीला रंग देत असते तेव्हा समोर बसून बघते. काल तिने विचारलं, "हिरड्यांचा रंग प्रत्येकाचा वेगळा असतो?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग तू आधी माणसाला बघतेस?" मी म्हटलं, बघितल्याशिवाय कवळी कशी बसेल?

तिला मी नियमाचं सांगितलं, दादा. तुझ्यासाठी सांगितलं. म्हटलं, वहिनी, तुझा गैरसमज झाला, ते माझं मत नव्हतं. मला वाटलं ती म्हणेल, अगंबाई, असं होय! आणि बॅग उचलेल.

तिने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "नियम मला माहीत होता. मास्तरांनी बसल्या बसल्याच कानात सांगितला. म्हणूनच तर मी निघाले. जिला पटत नाही तिलाच खुर्चीत बसवलं, तरी तिला एवढं सुचलं. आणि ते खोडायला मी मनात शंभर उत्तरं शोधली, एक सापडलं नाही."

बॅग तिने उचलली नाही.

धाकटी

मंगळवार, १३ ऑक्टोबर

दादा,

आज मला तुझा राग आला आहे, आणि राग आला की माझं अक्षर बिघडतं हे तुला ठाऊक आहे. लावून वाच.

डेपोचं तू मला का सांगितलं नाहीस?

वहिनी बस चालवायला शिकली हे मला माहीत होतं. मला वाटायचं हौस असेल. तिने परीक्षा दिली, ती पास झाली, चालकांच्या यादीत तिचं नाव लागलं, हे मला आज कळतंय, माझ्याच स्वयंपाकघरात. आणि मग डेपोच्या मॅनेजरने तिला बोलावून सांगितलं की तुमच्या घरून फोन आला होता, तुम्हाला चक्कर येते म्हणे, आम्ही कशी गाडी देणार?

तिला आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही. बोटीत, झोपाळ्यावर, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी धुताना, कधीच नाही. चक्कर मला येते. तू तिला माझी चक्कर लावलीस!

घरून फोन म्हणजे कोणाचा ते तिने मॅनेजरला विचारलंही नाही. घरी येऊन तुला जेवायला वाढलं. ती गोष्ट त्या शुक्रवारची. दुसऱ्या दिवशी ती कॅप न्यायला माझ्याकडे आली आणि टीव्हीवर झंझा भिंत फोडत होती. मला इतके दिवस वाटत होतं की मी तिला फितवलं की नाही एवढाच प्रश्न आहे. तू मला त्या प्रश्नात गुंतवून ठेवलंस, आणि फोनचं अवाक्षर काढलं नाहीस.

तू कसा आहेस ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आई-बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस. शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचास, आणि मी आत गेले तरी वर्गाची घंटा होईपर्यंत तिथेच उभा असायचास. दंतकामाच्या परीक्षेला तू बाहेर पायरीवर बसलास. मी पोहायला शिकले नाही कारण तुला पाण्याची भीती, सायकल मोठ्या रस्त्यावर नेली नाही कारण तुला ट्रकची भीती. आणि मला ते आवडायचं, दादा! भिंत असली की पाठ टेकायला बरं. म्हणून तर मी बुरूजच्या बाजूने भांडत होते. मला त्याच्यात तूच दिसायचास.

पण मला तू विचारायचास तरी. "सायकल नेऊ नकोस, मला भीती वाटते," असं म्हणायचास आणि मी म्हणायचे बरं. तिला तू विचारलं नाहीस, परस्पर फोन केलास. त्या खुर्चीत मी जे बोलले ते त्या दिवशी मला पटत नव्हतं. आज पटतंय, शब्दन् शब्द. जाऊन सांग त्या तिखटमीठवाल्याला.

मी एकटी पडेन याची मला भीती वाटत नाही असं नाही. तू सोडून मला कोण आहे? तरी लिहिते आहे. तू नातं तोडलंस तर तोड, मी तोडणार नाही आणि गप्पही बसणार नाही.

धाकटी

सोमवार, १९ ऑक्टोबर

दादा,

यावेळी पत्रक नव्हतं, चांगला कागद होता. दोनच ओळी होत्या, पण खोडाखोड बघून कळलं की बऱ्याच लिहिल्या होत्यास. "बसला दुसरा ब्रेक नसतो. मी शेजारी नसणार. मला भीती वाटली."

हे मी तिला वाचून दाखवलं नाही. ते तुझं तू सांग.

तुझ्या गाडीत शेजारच्या सीटसमोर तो जादा ब्रेक आहे, त्याच्यावर तुझा पाय अखंड असतो हे मला माहीत आहे. वहिनी म्हणते, घरात जेवायला बसलास तरी असतो. (ती हसून म्हणाली. ती हसते अधूनमधून, बरं का.)

या शनिवारी 'पहारेकरी'चा शेवटचा भाग आहे. ये. एकटा ये, आणि तोंडावर हसू नको आणूस, आम्हाला ओळखू येतं. कुणाला काही सांगितलेलं नाही. मास्तरांना वाटतं नवा प्रेक्षक येतोय, ते खूश आहेत. वहिनी असेल. तिला विचारलं, ती म्हणाली, "येऊ दे. टीव्ही काय माझा एकटीचा आहे?"

एकच गोष्ट. खुर्चीचा नियम तुलाही लागू. झंझाचं चुकलं असं ज्याला सगळ्यात जास्त वाटतं, तो झंझाची बाजू मांडणार. तो कोण, हे शोधायला आम्हाला हात वर करायला लावायची गरज पडेलसं वाटत नाही.

आणि येणार नसशील तर येऊ नकोस. उंबऱ्यात उभं राहून तिला खाली बोलावणं, बाहेर हॉर्न वाजवणं, असले प्रकार नकोत. मी दार लावीन. माझं दार आहे ते.

धाकटी

रविवार, २५ ऑक्टोबर

दादा,

कालचं तुलाच कशाला लिहून सांगायचं, तू तर होतास, असं म्हणशील. तू होतास, पण खुर्चीची पाठ धाडकन मागे पडली आणि तू पुढचा सगळा वेळ छताकडे बघत होतास. खुर्ची सरळ करायला रिमोट उठला तर तू म्हणालास, "राहू दे, असंच बरं आहे." (रिमोट म्हणजे आमचा इलेक्ट्रिशियन. टीव्हीचा रिमोट कुणाला देत नाही म्हणून हे नाव पडलं.) तेव्हा जे तुला दिसलं नाही ते मी सांगते.

सुरुवात तू वाईट केलीस. "झंझाचं चुकलंच," म्हणालास, आणि सगळे एका सुरात "कप! कप!" ओरडले. तुला वाटलं तुझी थट्टा चालली आहे. तुझे कान लाल झाले. मला वाटलं आता हा उठतो आणि जातो. मी दाराकडे सरकलेसुद्धा, तुला अडवायला.

वहिनी तेव्हा खिडकीपाशी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने तुझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत होती.

मग तू बोलायला लागलास. "शिकणाऱ्या बाईचा पाय ब्रेकवर जायच्या आधी माझा गेला, तर गाडी थांबते, पण ती बाई शिकत नाही. नव्या शिक्षकाला मी हे पहिल्या दिवशी सांगतो. पाय जवळ ठेव, पण दाबू नकोस. बुरूजचा पाय कायम दाबलेला होता. मग झंझाला गाडी येते की नाही हे त्याला कळणार कसं? त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं. तिला येत असेल तर मग त्याचं काम काय उरलं?"

इथे मास्तरांनी मान डोलावली. कंपाउंडर आपलं मत सांगायला तोंड उघडणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

आणि मग तू म्हणालास, "बाकी सगळं सोडा. बुरूजने डेपोला फोन करायला नको होता."

कंपाउंडरने विचारलं, "डेपो? कुठल्या भागात होता डेपो?" ते तू ऐकलंस. पण मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला ते तू बघितलं नाहीस. मास्तर सगळं समजले होते. रिमोटने आवाज आधीच बंद होता तरी पुन्हा बंद केला. आणि वहिनीने पदर सोडला, दादा. ती पहिल्यांदा तुझ्याकडे वळली आणि सरळ बघत राहिली, तू छताकडे बघत होतास तोपर्यंत. डोळे पुसले नाहीत. पुसण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

कप तू धुतलेस. नियम म्हणजे नियम. तिने पुसले. तुम्ही मोरीपाशी काय बोललात ते मी ऐकलं नाही. (ऐकायचा प्रयत्न केला. नळ चालू होता.) तुला वाटलं असेल ती बॅग घेऊन खाली येईल. तू पायरीवर थोडा वेळ थांबलास तेही मी बघितलं. ती आली नाही आणि मी तिला समजावलंही नाही. तुला वाईट वाटलं असेल, मलाही वाटलं. तरी मी समजावणार नाही.

डेपोत तुलाच जावं लागेल. फोनने नाही. मॅनेजरसमोर उभं राहून सांग की तू खोटं बोललास. चक्कर धाकट्या बहिणीला येते म्हणून सांग हवं तर, मी पुरावा द्यायला तयार आहे.

धाकटी

गुरुवार, १७ डिसेंबर

दादा,

नंबर सुरू केलास, तरी मी कागदच पाठवते आहे. हे फोनवर सांगितलं तर तू मध्येच "हो, हो, कळलं" म्हणून तोडशील.

तू मॅनेजरसमोर जाऊन खरं सांगितलंस, आणि काल वहिनीची बसची पहिली एकटीची फेरी झाली. संध्याकाळी मास्तर आले, कंपाउंडर आला, रिमोटने टीव्ही न लावता तिला प्रश्न विचारले. ती घरी परत येणार का ते कुणी विचारलं नाही. तूही मला विचारू नकोस, तिला विचार. वरच्या खोलीत तिचा टॉवेल अजून आहे, आणि तुझ्या घरी दर रविवारी ती जेवायला जाते हेही मला माहीत आहे. दोन्ही चालू आहे तोवर चालू दे.

तिने सांगितलं की तू तिच्या बसमध्ये चढलास. पहिल्याच स्टॉपवर, गर्दीत, मफलर नाकापर्यंत ओढून. तिकीट काढलंस आणि डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसलास. तुला वाटलं तिला कळलं नाही. अरे, चालकाच्या डोक्यावर आत बघायचा एवढा मोठा आरसा असतो! तू शिकवतोस ना लोकांना, आरसा बघा म्हणून?

ती म्हणाली, "रस्ताभर ह्यांचा पाय खालचा पत्रा दाबत होता. वळण आलं की दाबायचे, सिग्नल आला की दाबायचे. शाळेसमोर एक कुत्रं आडवं आलं तेव्हा तर दोन्ही पाय."

मी विचारलं, "मग?"

"मग काय," ती म्हणाली, "मी ब्रेक मारला. बस थांबली. कुत्रं गेलं."

तुझी धाकटी